आमच्या विहिरीची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या ठिकाणी उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. दरवर्षी या दिवशी माझी जागा मागच्या पडवीत, चहाच्या पातेल्याजवळ असते. ती बरी होती असे आता वाटते आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा शब्दांची उणीव पडली तर सांभाळून घ्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही पाण्याची तपासणी करता, तेच सांगा. दुसरे काही नको." म्हणून तेच सांगते. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगायची म्हणूनच मी उभी राहायला कबूल झाले. ती पुढे येईल.

तुम्हांला ठाऊकच आहे की सरकारने २०१९ साली जलजीवन मिशन सुरू केले. घरोघरी नळ द्यायचा, आणि त्या नळाचे पाणी गावातल्याच बायकांनी तपासायचे, असे त्यात ठरले. एका गावातून पाच बायका निवडायच्या. आपल्या गावातून पाचवी कोणी मिळेना, तेव्हा माझे नाव घातले. आमच्या घरी विचारलेसुद्धा नाही. पंचायत समितीच्या सभागृहात एक दिवसाचे शिक्षण झाले, आणि परत येताना हातात एक पेटी दिली. शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. आत काचेच्या नळ्या, लहान लहान बाटल्या, पुड्या, आणि रंगांचे पट्टे छापलेला एक कागद. त्या पेटीला एफ.टी.के. म्हणतात. आम्ही पेटीच म्हणतो.

माझी समजूत अशी होती की पाण्याची परीक्षा म्हणजे डोळ्यांनी पाहणे आणि जिभेने चाखणे. आपण सगळ्या तेच करतो. गढूळ आहे का पाहतो, वास येतो का पाहतो, डाळ शिजते का पाहतो. डाळ शिजली नाही, साबणाला फेस आला नाही, की पाणी जड. ही आपली आजीपासूनची परीक्षा खोटी नाही, जडपणा तिच्यात खरोखरच कळतो. पण पाण्यात असे काही पदार्थ असतात की ज्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. असले पाणी काचेसारखे दिसते आणि गोड लागते. ते ओळखायला औषधच लागते. औषध घातले की पाणी रंग बदलते आणि आपल्याला कळते. सगळी पेटी एवढ्यावरच चालते.

क्लोराइडचे सांगते, कारण ते मला सर्वांत आवडते. क्लोराइड म्हणजे खारटपणा. नळीत मापाने पाणी घ्यायचे, त्यात पिवळे औषध घालायचे, पाणी हळदीच्या पाण्यासारखे होते. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडायचा आणि मोजायचा. एकाएकी पिवळ्याचे विटकरी होते. किती थेंबांनी झाले त्यावरून खारटपणा ठरतो. २५० पर्यंत चांगले, आणि दुसरे पाणीच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यायचे, असे सरकारी माप आहे. जडपणाचेही थेंबांवरच, तिथे जांभळट लाल पाणी निळे होते. फ्लोराइडचे उलटे आहे. तिथे औषधाचा रंग लालसर असतो आणि फ्लोराइड जितके जास्त तितका तो फिका होऊन पिवळ्याकडे जातो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कित्येक गावांत हे फ्लोराइड बोअरच्या पाण्यात आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतात, पुढे हाडेही आखडतात. लिटरला १ मिलिग्रॅम हे त्याचे माप, फार तर दीड. आपल्या गावी ते निघाले नाही.

आता ज्यासाठी उभी आहे ते नायट्रेट. एका लिटरात ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, पुढे नाही. क्लोराइडसारखी सवलतही त्याला नाही. नळीत पाणी घ्यायचे, पुडीतली भुकटी सांगितलेल्या मापाने टाकायची, हलवायचे, आणि पुस्तिकेत लिहिली आहेत तितकी मिनिटे थांबायचे. पाणी गुलाबी होऊ लागते. फिका गुलाबी म्हणजे थोडे, गडद म्हणजे जास्त. कागदावरच्या रंगांशी ताडून पाहायचे.

पहिल्या आठवड्यात आम्ही पाचजणींनी नळ, शाळेजवळचा हापसा आणि मारुतीच्या पारापाशी असलेली विहीर तपासली. पहिल्या पहिल्या चुका काय सांगू! एकदा संध्याकाळी विजेच्या पिवळ्या दिव्याखाली रंग ताडला, तो सकाळी वेगळाच दिसला. रंग दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून पाहायचा असतो. एकदा मी गडवा घासून त्यातच पाणी आणले, आणि घासायच्या पुडीचा अंश त्यात राहिला. ज्या पाण्याची तपासणी करायची त्याच पाण्याने भांडे तीन वेळा विसळायला हवे. एकदा बोलण्याच्या नादात दुप्पट वेळ गेला. पोळी तव्यावर विसरावी तसेच हे, मग रंगाचा भरवसा धरता येत नाही. औषधांवर तारीख असते, ती उलटली की ती निकामी. आणि तपासलेले पाणी ओट्यावर ठेवायचे नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचे नाही.

नळाचे पाणी चांगले निघाले. हापशाचे मधल्या रंगात. मग मला हौस आली. म्हटले, आपल्या घरच्या विहिरीचेही पाहू.

आमची विहीर तुम्हां सर्वांना माहीत आहे. गल्लीतली सात-आठ घरे नळ येण्याआधीपासून तिथेच पाणी भरत आली, आणि नळ आल्यावरही पिण्याला तिचेच नेत होती, कारण पाणी गोड. लग्नकार्याला लोक मुद्दाम टँकर सोडून आमच्याकडे येत. सासूबाईंना तिचा मोठा अभिमान. मी नळी घेऊन कठड्यापाशी बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून वो, आता इहिरीचीबी परीक्षा घेता काय तुमी बाया? माह्या सासऱ्यानं खंदेल इहीर हाय हे. पन्नास वर्सं झाली मले इथं, एकाचं पोट दुखलं नाही या पाण्यानं." मी म्हटले, "आत्याबाई, पहिला नंबर आला तर पेढे तुमच्याकडून."

पाणी गुलाबी झाले. मग गडद गुलाबी झाले. मग जास्वंदीसारखे झाले. कागदावरचा शेवटचा रंग १०० चा होता, त्याच्याही पुढे गेले. मला वाटले माझे चुकले. नळी धुऊन पुन्हा केले. तसेच. मैत्रिणीला बोलावून तिच्याकडून करवले. तसेच.

तेव्हा घरात माझी लेक बाळंतपणाला आलेली होती. नातू पावणेदोन महिन्यांचा. तिला दूध पुरत नव्हते, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी डब्यातले दूध सांगितले होते. ते दूध मी स्वतः करीत असे. आमच्या विहिरीच्या पाण्यात. आणि काळजी म्हणून पाणी चांगले वीस मिनिटे उकळीत असे, लिटरचे पाऊण लिटर होईपर्यंत. शिक्षणाच्या दिवशी सरांनी सांगितलेले वाक्य त्या क्षणी मला आठवले. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि ते खाली उरते. आमटी आटवली की खारट होते ना, तसे. म्हणजे मी माझ्या नातवासाठी ते आटवून घट्ट करीत होते.

मोठ्या माणसाला या नायट्रेटाने सहसा त्या दिवशी काही होत नाही. म्हणून सासूबाईंचे पन्नास वर्षांचे म्हणणे खोटे नव्हते. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि ते रक्तात जाऊन रक्ताचा प्राणवायू वाहून नेण्याचा गुण घालवते. बाळाचे ओठ, नखे निळसर होतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका नसल्यासारखा, धोका आहे तो वरच्या दुधात मिसळलेल्या पाण्याचा. अमेरिकेत आयोवा म्हणून शेतीचा प्रांत आहे. तिथे १९४५ साली कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी प्रथम हे लिहून ठेवले. तिथेही शेतावरच्या विहिरी, तिथेही वरच्या दुधावरची बाळे. ऐकताना वाटले होते, अमेरिकेची गोष्ट, आपल्याला काय करायची!

त्या संध्याकाळपासून बाळाचे दूध नळाच्या पाण्यात सुरू केले. लेकीला सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त दिवा जवळ आणून बाळाची बोटे एकेक करून पाहिली. पुढे महिनाभर न्हाऊ घालताना ती रोज नखे पाहत असे आणि मला विचारी, "आई, निळी दिसतात का गं?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले, त्यांनी तपासून बाळ ठीक आहे म्हणून सांगितले. बाळ आता दुडुदुडु धावतो. मागे पडवीत चमचे वाजवतो आहे तोच.

आता ती गोष्ट. माझ्या नातवाचे पाणी मी त्याच संध्याकाळी बदलले, पण गल्लीत मी आठ दिवस सांगितले नाही. आमच्या विहिरीवर भरणाऱ्या घरांपैकी एका घरी चार महिन्यांचे लेकरू होते, तेही वरच्या दुधावर. हे मला माहीत होते. रोज सकाळी त्या माऊलीची घागर माझ्या डोळ्यांसमोर भरत होती. मी स्वतःची समजूत घातली की आधी मोठ्या प्रयोगशाळेतून पक्के होऊ दे, उगीच घबराट कशाला. ते कारण अगदीच खोटे नव्हते, पण खरे कारण दुसरे होते. विहीर आमची, नाव आमच्या घराण्याचे. सासूबाईंना काय वाटेल, लोक काय म्हणतील, हेच मनात होते. आठव्या दिवशी रात्री झोप येईना, तेव्हा पहाटे उठून त्यांच्या दारात गेले आणि सांगितले. त्यांनी आत जाऊन पहिल्याने पाण्याची कळशी ओतून दिली. मग बाहेर येऊन मला चहा विचारला. त्यांच्या बाळाला काही झाले नाही, ही देवाची कृपा, माझा शहाणपणा नव्हे. त्या आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी त्यांची क्षमा घरी मागितली होती, आज सर्वांसमक्ष मागते.

पक्की तपासणी करायची ती अशी. आपल्या पेटीने कळते ते अदमासाने. पेटीने "नको" म्हटले की पाणी प्रयोगशाळेत पाठवायचे. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खाते १९७२ पासून आहे, त्यांच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आहेत. स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने विसळून, गच्च भरून, जागा आणि तारीख लिहून, होईल तितक्या लौकर पोचवायची. आमच्या विहिरीचा आकडा आला ११८. पुष्कळ वाटतो, पण किती ते पाहा. आपली पंधरा लिटरची घागर घ्या. तेवढ्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास नायट्रेट. लहान चमच्याचा तिसरा हिस्सा मीठ पडावे तेवढे. एवढ्याने ते पाणी बाळाला वर्ज्य.

आले कुठून? ते विहिरीपाशी उभे राहून पाहिल्यावर आम्हांलाच दिसले. वरच्या अंगाला गोठा. गोठ्याची मोरी उकिरड्यात, उकिरडा विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवर, तोही उंचवट्यावर. पलीकडे संडासाचा शोषखड्डा. आणि मागे संत्र्याचा बाग, त्याला दरसाल युरिया. झाडाने घेतले ते घेतले, उरलेले पावसाबरोबर जमिनीत. शेण, मूत, खत, या सगळ्यांतले नत्र जमिनीत मुरता मुरता नायट्रेट होते आणि पाण्याबरोबर सरळ खाली उतरते, मातीला चिकटून राहत नाही. हे आपल्याच घरचे नव्हे. केंद्राच्या भूजल खात्याने २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेले जे जिल्हे सांगितले, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड आणि बीड आहेत. म्हणजे आपला अमरावती जिल्हा आलाच.

उकिरडा हलवायचा म्हटल्यावर आमच्या घरी पंधरा दिवस अबोला होता. "तीन पिढ्यांचा उकिरडा आहे" असे ऐकायला मिळाले, जणू काही तो वाडा आहे! अखेर मुलाने बैलगाडी जोडली. उकिरडा आता शेताच्या बांधावर आहे, गोठ्याची मोरी पक्की करून बाहेर काढली. युरिया एकदम न देता तीन हप्त्यांनी देतात. शोषखड्ड्याचे काम अजून झाले नाही, पैशांची सोय झाल्यावर होईल.

मध्यंतरी आपल्या गावात एक विक्रेता आला होता, ते तुम्हांला आठवत असेल. गळ्यात टाय, हातात पेटी. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात आपल्या यंत्राचे, एकात नळाचे, आणि दोहोंत विजेच्या कांड्या बुडवल्या. नळाचे पाणी पाहता पाहता तपकिरी, काळे, वर साय आल्यासारखे झाले. यंत्राचे स्वच्छ राहिले. पाहणाऱ्या बायकांच्या अंगावर काटा आला आणि दोन घरी हप्त्याने यंत्रे घेतली गेली. भगिनींनो, ती घाण पाण्यातली नव्हती. त्या कांड्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून रंग नाही. चांगल्यातल्या चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले तरी ते तसेच काळे होईल. रंग बदलला की परीक्षा झाली असे नव्हे, कोणत्या औषधाने कोणता रंग आणि का, हे विचारायला हवे. तो टी.डी.एस.चा पेन घेऊन फिरतात, त्याचेही तसेच. सगळे क्षार मिळून किती, एवढेच तो सांगतो. त्यांत नायट्रेट किती हे त्याला कळत नाही. आमच्या विहिरीत त्याने ६४० दाखवले, आणि विक्रेता म्हणाला, "ठीकठाक आहे."

यंत्र वाईट असे माझे म्हणणे नाही. आर. ओ. ने नायट्रेट बरेच कमी होते, हे खरे. पण ज्यांनी घेतले त्यांच्याकडे नळाचे पाणी होते, आणि ते आम्ही तपासलेले होते. तुरटी फिरवून, कपड्याने गाळून किंवा ब्लिचिंग पावडर टाकून मात्र नायट्रेट जात नाही. ती पावडर जंतूंसाठी. विहिरींना पंचायतीचे हिरवे, पिवळे, लाल कार्ड देतात ते मुख्यतः स्वच्छता आणि साथीचे रोग यांच्या दृष्टीने. पाराजवळच्या विहिरीला हिरवे कार्ड आहे, म्हणून तिथे नायट्रेट पाहायचे नाही असे नव्हे.

आपल्या पेटीलाही सगळे कळत नाही. फवारणीच्या औषधांचा अंश तिला सापडत नाही. जंतूंची बाटली निराळी असते, तिला एक-दोन दिवस उबेत ठेवावे लागते. सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची पेटीही निराळी. बांगलादेशात बोअरच्या पाण्यात हे विष निघाले, तेव्हा या शतकाच्या सुरुवातीला तिथे जवळपास पन्नास लाख हापशांचे पाणी जागच्या जागी असल्याच पेटीने तपासले. कागदाची पट्टी पिवळी-तपकिरी झाली की हापशाच्या तोंडाला लाल रंग, नाही तर हिरवा. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावे म्हणून. मग बायका लाल सोडून शेजारणीच्या हिरव्या हापशावर जाऊ लागल्या. हे ऐकले तेव्हा माझ्या मनात आले, ज्या बाईच्या दारातला हापसा लाल झाला तिला पहिल्या दिवशी काय वाटले असेल! मला आता थोडे कळते.

आमच्या कठड्यावर मुलाने लाल रंगाने लिहिले आहे, "पिण्यासाठी नाही." सासूबाई आठवडाभर त्या बाजूला फिरकल्या नाहीत. मग एक दिवस मी तपासायला बसले तर शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव मले, किती गुलाबी होते थे." आता दर तीन महिन्यांनी पाहतो, त्या रंगाचा कागद हातात धरतात. डोळे अधू असले तरी रंग त्यांना माझ्यापेक्षा बरोबर कळतो, जन्मभर लुगडी पारखली आहेत. मागल्या पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेचा आकडा ११८ वरून ९६ वर आला. जमिनीत मुरलेले एका वर्षात जात नाही. धुण्याला आणि गुरांच्या गोठ्याला पाणी वापरतो, पिण्याला नळ. दिवाळीला विहिरीपाशी पणती मात्र सासूबाईच लावतात.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजल्यापासून मंडळाच्या ओसरीवर पेटी मांडणार आहोत. ज्यांच्या घरी विहीर किंवा बोअर आहे त्यांनी अर्धा लिटर पाणी आणावे. घासायच्या पुडीचे भांडे नको. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. ज्यांच्या घरी सहा महिन्यांच्या आतले बाळ आहे किंवा बाळंतपण जवळ आले आहे, त्यांचे पहिले घेऊ. कोणाचा रंग गडद आला तर त्या घरी मी स्वतः त्याच दिवशी येईन.